अक्कांच्या गाडीचं उजवं चाक

गाडी हलते, हे सांगायला माणसं किती शब्द वापरतात ते गॅरेजवाल्यालाच ठाऊक. कुणाची गाडी थरथरते, कुणाची कापते, कुणाची झुलते. जयसिंगपूरच्या एका अडत्याची गाडी ‘हुडहुडी भरल्यागत’ करायची. मी प्रत्येकाचा शब्द नीट ऐकून घेत असे, कारण त्या शब्दातच निम्मं निदान असतं. थरथर म्हणजे बारीक आणि भरभर. तिथं बहुधा चाकाच्या वजनात फरक असतो. झुलणं म्हणजे सावकाश, इकडून तिकडं. तिथं सांधे ढिले झालेले असतात. आणि ‘मिस्त्री, कायतरी हुतंय बघा’ असं म्हणणारा गप्पा मारायला आलेला असतो, त्याला चहा पाजून परत पाठवायचं.

मी इस्माईल मिस्त्री. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज होतं, आता ते पुतण्या चालवतो. वडील संस्थानच्या मोटारखान्यात होते, त्यांच्याकडून मी हात काळे करायला शिकलो. इंजिन खोलणारे मिस्त्री गावात ढिगानं होते. मी पडलो गाडीच्या पुढच्या भागाच्या नादाला. इंजिन बिघडलं तर आवाज करतं, धूर सोडतं, म्हणजे स्वतःच तक्रार सांगतं. पुढचा भाग तसं करत नाही. चाक, त्यामागचं हब, त्यातलं बेअरिंग, वळायच्या खिळी, त्यांच्याभोवतीचे पितळी बुश, स्टीअरिंगचे दांडे ही सगळी मंडळी एकमेकांना धरून बसलेली असतात. दोष एकाचा असतो आणि हलतात सगळे. सगळ्यांतून गुन्हेगार वेगळा काढायचा, यात मला जी मजा वाटायची ती जेवणातही वाटली नाही. घरच्यांचं म्हणणं असं की मी जेवणाकडं कधी नीट लक्षच दिलं नाही.

बिद्रीकडच्या एका पाटलांची जीप आठवते. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ती हलायची आणि उन्हाळ्यात गप्प व्हायची. पाटलांनी दोन मिस्त्री केले, टायर बदलले, शेवटी जीपला नजर लागली म्हणून लिंबू बांधलं. मी जीपखाली शिरलो तर चाकांच्या आतल्या बाजूला उसाच्या रानातली काळी माती थापून बसलेली. शेतातून निघालेली जीप उभी राहिली की ओली माती चाकाच्या खालच्या अंगाला उतरायची आणि तिथंच वाळायची. चाकाचं एक अंग जड, दुसरं हलकं, मग ते वेगात गेलं की उड्या मारणारच. पेचकस आणि पाण्याची बादली, एवढ्यावर काम झालं. पाटील म्हणाले, “एवढंच व्हय? मग लिंबू काढू का?” मी म्हटलं, “असू द्या की, त्याचं काय ओझं हुतंय.”

आजऱ्याच्या काजूवाल्याची गाडी फक्त सोमवारी सकाळी हलायची. तो शनिवारी पोत्यांनी भरलेली गाडी उभी करायचा ती सोमवारीच काढायचा. टायर त्या ओझ्याखाली एका जागी चपटे व्हायचे, आणि थोडं अंतर गेल्यावर तापून पुन्हा गोल. तो आजऱ्याहून कोल्हापूरला माझ्याकडं येईस्तोवर गाडी बरी झालेली असायची, त्यामुळं मी त्याला बरेच दिवस खोटारडा समजत होतो.

पण ज्या गाडीनं मला खरं कामाला लावलं ती डॉक्टर सुमतीबाईंची. जयसिंगपूरच्या त्या भागात त्यांना सगळे अक्का म्हणत. बाळंतपणं आणि बायकांची ऑपरेशनं यांत त्यांचा हात धरणारा त्या पट्ट्यात कुणी नव्हता. आठवड्यातून काही दिवस त्या कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात ऑपरेशनं करायला येत, आणि येत त्या स्वतः गाडी चालवत. गाडी होती विलायती, दोन माणसांची, वरून उघडी, जमिनीला पोट लावून चालणारी. त्यांच्या मालकांनी, म्हणजे यजमानांनी, ती हौसेनं घेतलेली. मालक वारले तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता ही विका. अक्कांनी विकली नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. नऊवारी नेसलेल्या म्हाताऱ्या पंचगंगेच्या पुलावर थांबून, ही गाडी चालवणारी बाई बघायच्या.

दसरा-दिवाळी होऊन गेली होती. अक्का गॅरेजसमोर उतरल्या. शेजारच्या जागेवर दत्तू, म्हणजे त्यांच्या घरचा जुना माणूस. मालकांच्या वेळेपासून गाडी धुणं-पुसणं त्याच्याकडं. दोघांचे चेहरे उतरलेले होते.

“इस्माईलभाई,” अक्का म्हणाल्या, “गाडी चालवताना स्टीअरिंग हलतंय. तुम्ही मला एकच सांगायचं. गाडी हलतीय, का माझे हात?”

मला वाटलं थट्टा करतायत. पण दत्तू खाली बघत होता.

अक्कांनी सगळं सांगितलं. त्यांचे धाकटे भाऊ अण्णा एक दिवस त्यांच्या शेजारी बसून कोल्हापूरला आले होते. स्टीअरिंगवर अक्कांचे हात थरथरताना त्यांनी बघितले आणि घरी जाऊन विषय काढला, की अक्का, वय झालं, हात कापायला लागलेत, आता चाकू खाली ठेवा. अक्का म्हणाल्या, स्टीअरिंग हलतंय म्हणून हात हलतात. अण्णा म्हणाले, हात हलतात म्हणून स्टीअरिंग हलतंय. घरात यावरून वाद पेटला आणि अक्कांच्याच मनात शंका शिरली.

“गाडीचा निकाल लागेपर्यंत मी ऑपरेशनला हात लावणार नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या बायका दुसरीकडं पाठवतेय. लवकर बघा.”

मी लगेच गाडी घेऊन निघालो, अक्का शेजारी. पूल ओलांडून शिरोलीच्या पुढं रस्ता सरळ झाला. काटा चाळीस मैलांकडं सरकला तशी स्टीअरिंगमध्ये थरथर सुरू झाली, आणि थोडं पुढं गेल्यावर माझे दोन्ही कोपर नाचायला लागले. मी म्हटलं, “अक्का, गाडी हलतीया. शंकाच न्हाय.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. “मग शोधा,” म्हणाल्या. त्यांच्या आवाजात किती दिवसांनी जीव आला असावा ते मला कळलं, आणि मी मोठ्या खुशीत कामाला लागलो.

या गाडीची चाकं तारांची होती, सायकलसारखी, पण भक्कम. ती बोल्टनं बसत नाहीत. मधोमध दातेरी हब असतं, त्यावर चाक सरकवायचं आणि वरून दोन कानांचा एक मोठा नट हातोडीनं ठोकून आवळायचा. चाक आतल्या बाजूनं हबच्या उतरत्या बुडाला जाऊन टेकतं, वाटीत वाटी बसावी तसं. ते तिथं नीट बसलं तरच सरळ फिरतं.

आधी वजन बघितलं. चाकं तोलायचं मशीन तेव्हा आमच्याकडं नव्हतं. मी एक जुनं हब घोडीवर, म्हणजे लोखंडी तिवईवर, बसवलं होतं. त्यावर चाक चढवून मोकळं फिरवायचं आणि सोडून द्यायचं. जड बाजू खाली येऊन थांबते. मग समोरच्या बाजूच्या तारांना शिसं गुंडाळायचं. पंचगंगेवर मासे धरणाऱ्यांकडून जाळ्याचे शिशाचे मणी आणून मी ते ठोकून चपटे करत असे. चाकं तोलली, गाडी पळवली, थरथर तशीच. उजवं चाक डावीकडं, डावं उजवीकडं केलं. तशीच. दांड्यांचे सांधे बदलले, वळायच्या खिळींचे बुश झिजले होते ते शेजारच्या लेथवर नवे करून घातले. गाडी सुधारली, वळायला हलकी झाली, पण चाळीसच्या पुढं हात नाचायचे ते नाचायचेच.

मग मी खडू काढला. गाडी जॅकवर उचलायची, खडू हातात घट्ट धरून त्याचं टोक चाकाच्या कडेपाशी न्यायचं आणि चाक सावकाश फिरवायचं. चाक सरळ असेल तर खडू सगळीकडं सारखा लागतो. वाकडं असेल तर एकाच जागी रेघ उमटते. पुढच्या उजव्या चाकाला एका जागी रेघ उमटली. म्हटलं, सापडलं. चाक उतरवून घोडीवर घातलं तर सरळ. परत गाडीवर घातलं, वाकडं. मग ते चाक हबवर अर्धा फेरा फिरवून बसवलं आणि पुन्हा खडू धरला. रेघ चाकाच्या दुसऱ्याच जागी आली, पण हबच्या मात्र त्याच बाजूला. म्हणजे गुन्हेगार चाक नव्हतं, हब होतं. हा शोध लागला तेव्हा मी एकटाच हसत होतो आणि रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

हब काढून शेजारच्या सदाशिव टर्नरकडं दिलं. सदाशिव लेथचा पक्का माणूस. त्यानं हब लेथवर धरून बेअरिंगच्या जागा तपासल्या आणि मान हलवली. “सरळ हाय, इस्माईल. बाण म्हणतो मी.”

“मग चाक का वाकडं बसतंय?”

“ते चाकाला इचार की. माझ्याकडं हब आणलंयस न्हवं?”

हब वाकडं नाही, चाक वाकडं नाही, दोघं एकत्र आले की वाकडं. अशी कुटुंबं असतात, पण लोखंडात मी कधी बघितली नव्हती. जेवताना, रस्त्यानं चालताना माझ्या डोळ्यांपुढं ते हब फिरायला लागलं.

त्याच दिवसांत अण्णा गॅरेजवर आले. उंच, धोतर नेसणारे, शेतीवाले. गाडीकडं त्यांनी बघितलंही नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मिस्त्री, एक काम करा. गाडीत काय दोष न्हाय असं अक्कांना सांगून टाका.”

“अण्णा, दोष हाय. मी सोता चालवून बघितलीया.”

“असंल की. गाडीत असंल. पर जेवाय वाढताना ताक सांडतंय, तिथं कुठली गाडी आली?”

“ताक कुणाच्याबी हातनं सांडतं.”

“अक्कांच्या हातनं आजवर सांडलं न्हवतं,” अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मला मान्य केलं पाहिजे. “वाईट कायतरी व्हायच्या आदी थांबाया पायजेत त्या. माझं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकतील.”

मी त्यांना म्हटलं, “मला हातातलं कळत न्हाय, अण्णा. चाकातलं कळतं. ते मी खोटं सांगणार न्हाय.” ते गेले. पण त्यांचं बोलणं माझ्या मनात राहिलं. अक्कांवर माझा जीव होता. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची. म्हणून दोष गाडीतच सापडावा आणि सगळा सापडावा, असं मला फार वाटायला लागलं.

काही दिवसांनी अक्का आणि दत्तू एस.टी.नं आले. गाडी जॅकवर, उजवं चाक उतरवलेलं, मी हबपुढं फतकल मारून बसलेलो. अक्कांनी स्टूल ओढलं.

“कुठं दुखतंय हे मी पेशंटला नंतर विचारते,” त्या म्हणाल्या. “आधी विचारते, कधीपासून.”

“तुमी सांगितलंय की, पावसाळ्यानंतर. मी म्हटलं एखाद्या खड्ड्यात आदळली असंल.”

“तसं ढोबळ नको. दत्तू, नवरात्रात आपण अंबाबाईला आलो, तेव्हा हलत होती?”

“न्हाय अक्का. तवा लोण्यागत चालली. मी शेजारी बसून डुलकी काढली की.”

“आणि दसऱ्यानंतर नांदणीला बाळंतिणीकडं गेले, तेव्हा हलली. म्हणजे मधल्या दिवसांत झालंय. मध्ये काय झालं?”

“काय न्हाय. गाडी दारातच हुती. खंडेनवमीला धुतली, पूजा केली, झालं.”

“धुतली म्हणजे कशी?” मी विचारलं.

दत्तू खुलला. त्यानं चारी चाकं हातोडीनं ठोकून उतरवली होती, तारा रॉकेलनं पुसल्या होत्या, सगळं पुन्हा बसवलं होतं. मालक असताना खंडेनवमीला हे सगळं मालक स्वतः करायचे आणि नटाच्या कानांवर बाहेरून हळदीकुंकू लावायचे. मालक गेल्यावर पहिल्या वर्षी घरात सण झाला नाही. यंदाचा दसरा पहिलाच, म्हणून दत्तूनं तो मान आपल्याकडं घेतला.

“आनि हळदीकुंकू कुठं लावलंस?”

“ह्ये काय, आत. हबाच्या बुडाला.” त्यानं बोटानं दाखवलं. “भायेर लावलं की चार दिसांत धुऊन जातंय. आत लावलं की वरीसभर ऱ्हातंय. अक्का एकट्या हिंडत्यात, मिस्त्री. म्हटलं, कुंकू चाकाच्या पोटात असू द्या. उजवं पाऊल आदी टाकतो न्हवं आपण, म्हणून उजव्या चाकाला.”

ते कुंकू मी बघितलं नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी चाक उतरवलं तेव्हा बघितलं होतं, रोज बघत होतो. हबच्या बुडाला, चाक टेकतं नेमकं त्या जागी, हळदीकुंकवाचा टिळा आणि त्यात चिकटवलेल्या अक्षता. पण आमच्या गॅरेजचा एक रिवाज होता, वडिलांपासूनचा. गिऱ्हाइकाच्या गाडीत कुंकू असो, ताईत असो, क्रूस असो, त्याला हात लावायचा नाही. मी मुसलमान, गाड्या सगळ्यांच्या. वडील म्हणायचे, लोखंड आपलं, श्रद्धा त्यांची. म्हणून मी ते हब रॉकेलनं लख्ख पुसलं होतं, तेवढा टिळा सोडून. सदाशिवानंही तेच केलं. त्याच्या तर स्वतःच्या लेथला वर्षभर हळदीकुंकू असतं. त्याला त्यात वावगं काय दिसणार? कोल्हापुरात कुठल्याही कारखान्यात जा, मशीनवरचं कुंकू हा मशीनचाच भाग असतो. आम्हा दोघांच्या डोळ्यांना ते दिसत होतं, पण दोष शोधताना ते जमेस धरायचं असतं हे सुचलं नाही.

मी बत्ती जवळ धरली. हळद, कुंकू आणि पाण्याचा लेप वाळून घट्ट झाला होता. नट ठोकून आवळल्यावर अक्षता त्यात चेपल्या जाऊन दगडासारख्या बसल्या होत्या. उंचवटा असा कितीसा, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढाही नाही. पण वाटीच्या बुडाशी खडा असला की दुसरी वाटी जशी कलती बसते, तसं चाक कलतं बसत होतं. बुडाशी केसभर, पण चाकाच्या कडेला पोचेपर्यंत तो फरक खडूची रेघ उमटण्याएवढा होत होता.

“हेच,” मी म्हटलं. “हितंच हाय.”

 पण ते पुसायचं कुणी? मी रिवाजानं बांधलेला. मी दत्तूपुढं फडकं धरलं. तो मागं सरकला.

“मी न्हाय पुसणार,” तो म्हणाला. “या घरातलं कुंकू एकदा पुसलंय. मी लावलंय ते मीच पुसू व्हय? अक्कांना काय झालं तर?”

अक्का स्टुलावरून उठल्या. त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि रॉकेलच्या डब्यात बुडवलं.

“दत्तू, माझं पुसून झालंय,” त्या म्हणाल्या. “आता मला कशाची भीती?”

त्या हबपुढं खाली बसल्या. आधी फडक्यानं, मग नखानं, मग मी दिलेल्या पितळी पट्टीनं त्यांनी तो लेप सावकाश खरवडून काढला. दत्तूनं तोंड फिरवून घेतलं होतं. मी बत्ती धरून बसलो होतो आणि मुद्दामच त्यांच्या हातांकडं न बघता हबकडं बघत होतो. काम झाल्यावर त्यांनी बोट फिरवून बुड चाचपलं. “बघा, काही राहिलं का,” म्हणाल्या. काही राहिलं नव्हतं. नंतर त्यांनी दत्तूला समोरच्या दुकानातून कुंकवाची पुडी आणायला लावली आणि नटाच्या कानावर, मालक लावायचे तिथं, बाहेरून बोट उमटवायला सांगितलं. त्यावर तो जरा सावरला.

चाक चढवलं, नट ठोकला, खडू धरला. चाक गरागरा फिरलं आणि खडू सगळीकडं सारखा लागला. शेजारून सदाशिव बघायला आला होता. “कुंकवानं, व्हय रं?” म्हणाला आणि डोकं खाजवत परत गेला.

चालवून बघायला अक्काच बसल्या, मी शेजारी. उसाच्या गाड्यांची रांग पुलापर्यंत होती, तिच्यातून वाट काढत आम्ही शिरोली ओलांडली. रस्ता मोकळा झाला. चाळीस. मी श्वास धरून बसलो होतो. पंचेचाळीस. पन्नास. काही नाही. गाडी अशी चालली होती की रस्ताच खालून सरकतोय असं वाटावं. हेर्ल्यापर्यंत मी अखंड बडबडत होतो. हब, वाटी, अक्षता, सदाशिवाचा चेहरा, आणि आता अण्णांना काय सांगायचं तेसुद्धा. 

हेर्ल्याच्या पुढं एका चिंचेखाली त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. हात स्टीअरिंगवरच होते. वारा पडलेला होता. त्या शांततेत मला एक बारीक आवाज ऐकू आला, टकटक, टकटक, थांबून थांबून. मी मिस्त्री माणूस, आवाज आला की कान तिकडं जाणारच. बघितलं तर अक्कांच्या उजव्या मनगटातल्या घड्याळाचा पोलादी पट्टा स्टीअरिंगच्या लोखंडी दांडीवर वाजत होता.

“इंजिन बंद आहे,” अक्का म्हणाल्या. “चाकं उभी आहेत. आता काय हलतंय, इस्माईलभाई?”

“गारठा पडलाय, अक्का.”

त्या हसल्या. दुपारचं ऊन चांगलंच तापलं होतं. त्यांनी उजवा हात उचलून समोर धरला आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. बोटं अगदी बारीक थरथरत होती. मघाशी लेप खरवडतानाही थरथरत असणार.

“गाडी हलत होती तोवर मला ओळखता येत नव्हतं, त्यातलं माझं किती आणि गाडीचं किती,” त्या म्हणाल्या. “सगळं गाडीचं म्हणून सोडून देत होते. तुम्ही गाडीचं काढून घेतलंत. राहिलं ते माझं.”

मी म्हटलं, “अजून एक बेअरिंग बघायचं ऱ्हायलंय, अक्का. डावीकडचं. त्यात काय निघंल.” तसलं काहीही बघायचं राहिलं नव्हतं.

“नको,” त्या म्हणाल्या. “चांगलं केलंत. एखाद्या बाईच्या पोटावर चाकू ठेवल्यावर कळलं असतं म्हणजे?”

अक्कांनी त्यानंतर ऑपरेशन केलं नाही. दवाखान्यात हाताखाली तयार झालेल्या एका डॉक्टरीणबाईंच्या शेजारी त्या उभ्या राहत आणि तोंडानं सांगत. अण्णांना त्यांनी स्वतःच सांगितलं. दत्तूला मात्र ‘गाडीच हलत होती’ एवढंच सांगितलं आणि मलाही तसंच सांगायला लावलं, म्हणजे तो कुंकू पुसल्याला बोल लावणार नाही. दत्तू त्या आनंदात वर्षभर भेटेल त्याला गाडीची गोष्ट सांगत होता आणि माझं नाव जयसिंगपुरात मोठं झालं. दूरदूरची हलणारी वाहनं माझ्याकडं यायला लागली.

पण ते पुढचं. त्या दुपारी अक्का दार उघडून उतरल्या, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, “परत जाताना तुम्ही चालवा.” मी जागा बदलली. शिरोलीच्या नाक्यापर्यंत रस्ता मोकळा होता, आणि त्यांनी सांगितलं म्हणून मी गाडी पन्नासवर नेली. स्टीअरिंग माझ्या हातात जराही हललं नाही. अक्का शेजारी मांडीवर हातावर हात दाबून बसल्या होत्या, आणि मला सारखं वाटत होतं की ते हलायला हवं होतं.